नऊ नंबरच्या खोक्यातलं पिल्लू

या, असे पुढे सरका. त्या खांबाला टेकून बसलात तर माझा आवाज तिथवर पोचायचा नाही. एके काळी झांजेच्या वरून पोचायचा, आता नाही. कीर्तन संपलं, बुक्का लावून झाला, आरतीला अजून अवकाश आहे. आत सुंठवडा कुटतायत, वास येतोय ना? तेवढ्यात एक गोष्ट सांगते. कीर्तनात असते तशी घोटीव नाही. माझ्या हातून घडलेली आहे, आणि बावीस वर्षांत मी ती कुणाला सांगितलेली नाही.

ती सुरू होते पाडव्याच्या दुपारी, या देवळाला लागून असलेल्या सुर्वेकाकूंच्या बागेत.

"आधी हात चोळ," किणीबाई मला म्हणाल्या. "थंड हाताने धरायचं नाही."

मी हात चोळले. बाईंनी आंब्याच्या कलमाच्या फांदीला टांगलेल्या नऊ नंबरच्या लाकडी खोक्याचं झाकण उघडलं. आत मुळ्यांच्या आणि काथ्याच्या गादीवर दयाळ पक्ष्याची चार पिल्लं होती, आदल्या दिवशी अंड्यातून निघालेली. डोळे मिटलेले, अंगावर पीस नाही, कातडीतून आतलं दिसेल इतकी कोवळी. बाईंनी एक माझ्या तळहातावर ठेवलं. दोन-तीन काजूगरांइतकं वजन.

"गार लागतंय, बाई."

"लागणारच. आई आत्ता उठून गेली. ती बसते तोवर हे गरम, ती उठली की गार. त्याची स्वतःची चूल अजून पेटलेली नाही."

मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. बारा वर्षं बरण्या पुसल्या, बेडूक मोजून दिले. मग किणीबाई तिथे शिकवायला आल्या आणि त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, मंदा, तुला नीट टिपून ठेवता येतं का? येतं म्हटलं. तेव्हापासून त्यांची वही माझ्या हातात आली.

त्या चुलीविषयी बाईंनी मला झाडाखाली बसून सांगितलं होतं. पिल्लाच्या मानेच्या तळाशी, दोन्ही अंगांना, खसखशीच्या दाण्याहून जरा मोठ्या दोन ग्रंथी असतात. थायरॉइड. माझ्या आईला त्याचीच गोळी चालू होती, म्हणून नाव ठाऊक होतं. दयाळाचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्या ग्रंथी जवळजवळ झोपलेल्याच असतात. मग दिवसागणिक जाग्या होतात, त्यांचा रस रक्तात उतरू लागतो, आणि त्याच्या जोरावर हाडं वाढतात, मेंदू वाढतो, पिसांच्या काड्या फुटतात. सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास अंगातलं मांस थरथरायला शिकतं आणि पिल्लू आपली ऊब आपण तयार करू लागतं. आईलाही ते कळतं. डोळे उघडले, काड्या फुटल्या, की ती अंगाखाली घेऊन बसणं सोडते.

"आणि समज," बाई म्हणाल्या होत्या, "नेमक्या त्या दिवसांत फवारणीतलं काहीतरी किड्यांमधून पोटात गेलं आणि ग्रंथी मागे पडल्या, तर? आई ठरल्या दिवशी उठणार. तिला कोण सांगणार, आत चूल पेटली नाही म्हणून?"

एवढंच त्यांना शोधायचं होतं. ते नाजूक दिवस कोणते, हे आकड्यांनी दाखवता आलं, तर बागायतदारांना सांगता येईल की बाबांनो, तेवढे दिवस पंप उचलू नका. सगळे म्हणाले, आधी आकडे आणा. एकट्या सुर्वेकाकूंनी त्या वर्षी तीनशे कलमांवरची फवारणी थांबवली आणि खोकी टांगू दिली. अकरा खोक्यांत दयाळ आले होते. पिल्लं हाताळायची परवानगी त्या एकाच हंगामाची होती. हा हंगाम हुकला की सगळं संपलं, हे बाईंना माहीत होतं आणि मलाही.

नियम थोडे होते. पिल्लाच्या नखाला रंग लावून ओळख ठेवायची. दोन-दोन दिवस सोडून वजन, अंगाची ऊब, आणि पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब बारीक काचनळीत. एकच थेंब. आणि पिल्लू घरट्याबाहेर सहा मिनिटांच्या वर ठेवायचं नाही. बाईंनी त्यांचं स्वतःचं मनगटी घड्याळ मला काढून दिलं होतं.

याच दिवसांत देवळात उत्सव. पाडव्यापासून नवमीपर्यंत, रोज चार ते सहा, कशेळकरबुवांचं कीर्तन. बुवांबद्दल काय सांगू? माझे वडील गेले तेव्हा मी दोन महिने कुणाशी बोलले नव्हते. बुवांच्या एका कीर्तनात मला पहिल्यांदा रडू आलं, आणि मी माणसांत आले. त्यांचं ते देणं मी मरेपर्यंत मानीन. पुढे दरवर्षी त्यांच्या मागे उभी राहून मी झांज धरायची. त्या वर्षी ज्या दिवशी मोजणी नसे त्या दिवशी झांज, आणि मोजणीच्या दिवशी बाग. बागेतही देवळावरच्या कर्ण्यातून शब्दन् शब्द ऐकू यायचा.

बुवांची एक पद्धत होती. सकाळी अकराला ते देवळाच्या ओट्यावर सुपारी कातरत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, काय नवल तुमच्या गावात? जे मिळेल ते संध्याकाळी पूर्वरंगात असं ओवायचे की ज्याचं होतं त्यालाच ओळखू येऊ नये इतकं सुंदर. आपली गोष्ट बुवांच्या तोंडी यावी म्हणून माणसं रांग लावायची. मीही द्वितीयेला त्यांना चुलीची गोष्ट सांगितली. तृतीयेला ते उभे राहिले आणि म्हणाले, देव आईला पिल्लावरून उठवतो खरा, पण त्याआधी पिल्लाच्या आत विस्तव ठेवून जातो. सगळी सभा गहिवरली. माझा झांजेचा एक ठोका चुकला.

मी ते बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "तुझ्या बुवांना माझ्या वर्गावर पाठव. निदान मुलं जागी राहतील."

चतुर्थीला मोजणी होती. त्या दुपारी नऊ नंबरच्या खोक्यातलं लाल नखाचं पिल्लू मेलं. वहीत मी लिहिलं, घरट्यात मृत.

बाई पलीकडच्या रांगेतून आल्या. त्यांनी पिल्लू हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं. पोट भरलेलं. वजन आदल्या मोजणीपेक्षा तिप्पट. आजारी नाही, उपाशी नाही.  मग हळूच म्हणाल्या, "मंदा, काकूंनी फवारणी केली असेल का गं?"

मी म्हटलं, मला नाही माहीत.

बाई तशाच काकूंच्या पडवीत गेल्या. सुर्वेकाकू म्हणजे गावातला शब्द. नवरा गेल्यावर एकटीने बाग राखलेली बाई. बाईंनी अगदी जपून विचारलं, पण विचारलं.

काकूंनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. "रामाच्या भिंतीला लागून माझी बाग, बाई. शब्द तुम्हाला दिला असला तरी ऐकणारा तो होता. तुम्हाला खोटा वाटला तर वाटो."

"तसं नाही, काकू..."

"उद्यापासून चहाला थांबू नका. खोकी राहू देत. दिलेलं मी मागे घेत नाही."

परतताना बाई पुढे होत्या. मी त्यांच्या मागून वही छातीशी धरून चालत होते.

पंचमीला सकाळी मी बुवांकडे गेले. ओट्यावर दुसरं कुणी नाही असं बघून गेले. त्यांना सगळं सांगितलं. काय सांगितलं ते तुम्हालाही सांगणार आहे, जरा धीर धरा. ऐकता ऐकता बुवांचे डोळे भरले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मंदाताई, हे माझ्यापाशी राहील. रामाच्या पायाशी ठेवलंत असं समजा."

"पण बुवा, त्या दोघींच्या मनांत गाठ बसली माझ्यापायी."

"उद्या दोघींना कीर्तनाला आणा. जटायूचं आख्यान आहे. गाठ मी सोडवतो."

मला वाटलं, सुटले मी. मला जे तोंडाने म्हणता येत नव्हतं ते बुवा गाऊन म्हणतील, आणि गाण्यातून ऐकलं की माणूस रागवत नाही. बाई कधी देवळाची पायरी न चढणाऱ्या. मी त्यांच्या मागे लागले, हट्ट केला. काकूंना म्हटलं, माझ्यासाठी या. षष्ठीला दोघी आल्या आणि मी त्यांना पहिल्या ओळीत शेजारी शेजारी बसवलं. काकूंनी मान वळवली नाही, पण बाईंसाठी सतरंजीवर जागा मात्र केली. मी मागे जाऊन झांज घेतली.

पूर्वरंग निम्मा झाला आणि बुवा थांबले. आवाज खाली आणला. मला तो आवाज ठाऊक होता, ज्याची मी वर्षभर वाट बघायची.

"एक विदुषी होती," बुवा म्हणाले. "हातात घड्याळ होतं, हृदयात दया नव्हती. कोवळ्या पाखराचं रक्त ती काचेच्या नळीत भरून घ्यायची. तिची एक भोळी दासी होती. ती रडून म्हणे, बाई, पुरे करा, त्याला गार लागतंय. पण विद्येला कान कुठे असतात? चौदा मिनिटं, मंडळी, चौदा मिनिटं ते लेकरू उघड्या वाऱ्यात तळहातावर चोच उघडत राहिलं. शेवटी ती चोच मिटली, आणि आळ कुणावर? तर ज्या माउलीने त्यांना आसरा दिला, तिच्यावर."

सभेतून हुंदके आले. काकूंनी पदर डोळ्याला लावला. आणि बुवांनी चाल धरली, मला मानेने खूण केली, आणि मी झांज वाजवायला लागले.

आता ऐका. त्या दुपारी नऊ नंबरच्या झाडाखाली बाई नव्हत्याच. त्या तीन नंबरपाशी होत्या. तिथे मी एकटी होते. रक्ताचा थेंब घेऊन झाला होता, दोन मिनिटांत पिल्लू आत ठेवायचं होतं. कर्ण्यातून श्रावणबाळाचं आख्यान चाललं होतं. बाण लागलाय, आणि आंधळे आईबाप पाण्याची वाट बघतायत. बुवांनी त्या म्हाताऱ्या आईचा विलाप असा लावला की मी झाडाला टेकले आणि डोळे मिटले. खाडीवरून उतरत्या उन्हाचा वारा सुटला होता. पाच दिवसांचं पिल्लू माझ्या उघड्या तळहातावर. मध्ये दोनदा त्याची चोच हाताला लागलेली मला कळली होती. मला वाटलं, तेही तालावर आहे.

डोळे उघडले तेव्हा घड्याळात चौदा मिनिटं होऊन गेली होती.

बुवांना मी हे जसंच्या तसं सांगितलं होतं. त्यांनी त्यातला विलाप काढला, कर्णा काढला, मला काढलं. हात मात्र बाईंचे लावले.

तेव्हाच थांबायचं होतं. झांज खाली ठेवायची, दोन पावलं पुढे यायचं आणि म्हणायचं, ते हात माझे होते. तीनशे माणसं होती. बुवांचा पहाडी आवाज होता. माझ्या हातांनी एक ठोका चुकवला नाही.

किणीबाईंनी एकदाच मान वळवली. त्यांनी बुवांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. चौदा हा आकडा वहीत कुठेच नव्हता. बाई उठून गेल्या नाहीत. आख्यान संपेपर्यंत बसल्या, बुक्का लावून घेतला, आणि जाताना मला एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर ये."

सप्तमीला सातला आम्ही बागेत पोचलो. अकराही खोक्यांची झाकणं उघडी होती. झाकणांवर दयाळ नर-माद्या चोचीत अळ्या धरून बसल्या होत्या. एक आत डोकवायची, बाहेर यायची, पुन्हा डोकवायची.

काकूंच्या पडवीत चार-पाच बायका बसल्या होत्या. मध्ये रोवळीत कापूस पसरून एकतीस पिल्लं ठेवलेली, आणि काकू वातीने त्यांच्या चोचीत गाईचं दूध पिळत होत्या. उजाडताच त्यांनी ती उतरवली होती.

"काय गो मंदा," काकू म्हणाल्या, "तू तरी सांगायचंस मला. इतके दिवस नुसती बघत राहिलीस होय?"

बाई रागावतील असं सगळ्यांना वाटलं असावं. बाई खाली बसल्या. "काकू, दूध नको. त्यांच्या श्वासात जातं." एवढं म्हणून त्यांनी रोवळी पुढ्यात ओढली आणि नखांचे रंग बघून पिल्लं वेगळी करायला लागल्या. मोठी इकडे, लहान तिकडे. मोठी माझ्याकडे देऊन म्हणाल्या, ज्या खोक्यातली त्या खोक्यात, पळ. लहान त्यांनी पदरात घेतली आणि पदर पोटाशी घट्ट धरून त्यांच्यावर वाकून बसल्या. काही तेव्हाच गार झाली होती. काहींच्या नाकपुड्यांतून दुधाचा फेस येत होता. मी येऊन-जाऊन बघायची, तर बाई एकेक पिल्लू तळहातावर घेऊन त्याच्यावर फुंकर घालतायत, पुन्हा पदरात ठेवतायत.

काकू आधी नुसत्या बघत होत्या. मग जवळ आल्या आणि बाईंच्या पाठीवर आपली शाल टाकली. "मी दयाच केली ना हो बाई?" त्यांनी विचारलं. बाईंनी मान हलवली, हो.

दुपारपर्यंत मोजणी झाली. आठ दिवसांच्या वरची नऊ पिल्लं जगली. त्याखालची बावीस गेली. ज्यांच्या आत चूल पेटली होती तेवढी वाचली. बाईंना जे शोधायचं होतं ते त्या दिवशी काकूंच्या पडवीत सापडलं, आणि ते कुठेही लिहून दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं.

बाईंनी पदर झटकला. मला म्हणाल्या, "वही दे." मग न बघता विचारलं, "किती मिनिटं, मंदा?"

"चौदा."

"वारा होता?"

"होता."

त्यांनी चतुर्थीचं पान काढलं. 'घरट्यात मृत' यावर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, हाताळताना मृत, चौदा मिनिटं, वारा. खाली सही केली ती स्वतःची. माझं नाव घातलं नाही.

मी म्हटलं, बाई, मला बोला काहीतरी.

"आठ मिनिटं जास्त झाली ती मी त्याच दिवशी माफ केली असती," बाई म्हणाल्या. "माझ्याही हातून झाली असती. पण मी काकूंवर संशय घेतला आणि तू तो दोन दिवस माझ्या शेजारी उभी राहून बघितलास." मग त्या काकूंकडे गेल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, तुमच्या शब्दावर मी शंका घेतली, मला क्षमा करा.

मी तिथून थेट बुवांकडे गेले. ते उपरणं वाळत घालत होते. मला बघून हसले. "मंदाताई, तुमचं नाव कुठे येऊ दिलं नाही, पाहिलंत ना?"

त्यांना वाटलं, मी आभार मानायला आलेय.

"बुवा, तुम्ही म्हणाला होतात, गाठ सोडवतो."

"सुटली की. काकूंवरचा आळ गेला." उपरण्याची चुणी सरळ करत ते म्हणाले, "दृष्टांतात एक कठोर माणूस लागतोच, ताई. तुम्हाला तिथे कसं उभं करणार? तुम्ही आपल्या."

  अष्टमीला आणि नवमीला झांजेशिवाय कीर्तन झालं. माझी झांज आतल्या कपाटात आहे, कुणाला हवी तर घ्या, चांगल्या काशाची आहे.

किणीबाईंनी ती नऊ पिल्लं उडून जाईपर्यंत खोकी ठेवली, मग स्वतः उतरवली. त्या वर्षाअखेर त्या दुसऱ्या गावी गेल्या. दोन पत्रं लिहिली मी, उत्तर आलं नाही. सुर्वेकाकू होत्या तोवर चैत्रात दयाळ बसलेल्या झाडावर त्यांनी पंप चालू दिला नाही, कुणी आकडे न दाखवता.

आणि कीर्तन म्हणाल तर ते सुटलं नाही माझ्याने. मागच्या ओळीत बसते, डोळे मात्र मिटत नाही. आज हे नवे बुवा उभे राहिले, गोड गळ्याचे आहेत, कशेळकरबुवांचेच शिष्य. त्यांनी मघाशी दृष्टांत दिला ना, सोनेरी चष्म्याच्या त्या निर्दय बाईचा, जिने दासीच्या हातातून पाखरू हिसकावून घेतलं? चष्मा नव्याने आलाय. हिसकावणंही. बावीस वर्षांत दृष्टांत चांगला वाढलाय, आणि तुम्ही सगळ्यांनी डोळे पुसलेत. मी बघत होते.

घंटा झाली, उठा आता. पुन्हा कधी, कुठल्या देवळात, हा दृष्टांत कानावर आला तर रडा खुशाल, पाखरासाठी रडण्यात काही वाईट नाही. पण सुंठवडा हातावर पडेल तेव्हा एक नाव मनात घ्या माझ्यासाठी. हेमलता किणी. सप्तमीच्या सकाळी बावीस पिल्लं पदरात घेऊन, ऊब द्यायला वाकून बसली होती ती.